रोवणीच्या पैशातून पत्त्यांची जादू विकत घेऊ का?

पत्र अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावातून आलं आहे. नाव छापू नका म्हणाली म्हणून छापत नाही. थोडक्यात असं:

"काका नमस्कार. मी बीएस्सी सेकंड इयरला आहे, गणित घेतलं आहे. मोबाइलवर पाहून पाहून पत्त्यांची जादू शिकून राहिली. यंदा रोवणीला गेली होती, त्या मजुरीतून 1,900 रुपये बाजूला ठेवले. ऑनलाइन एक ट्रिक दिसते 1,450 ची, त्यात समोरच्यासमोर हातातला पत्ता बदलते. घेऊ का? की असं काही घरी बनवता येते? मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या गावजत्रेला, आत्याकडचे, मावशीकडचे सगळे येतात, त्यांना करून दाखवायचं आहे. पण बाबा म्हणतात पत्ते म्हणजे जुगार, पोरीच्या हातात शोभत नाही. माझे हात पण लहान आहेत. आणि पावसात पत्ते वाकडे होऊन जातात, त्याला काय करू?"

बाई, पत्र वाचलं आणि पहिले त्या 1,900 वरच नजर थांबली. रोवणी काय असते ते मला माहीत आहे, दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावायचे, पायाच्या बोटांत चिखल्या होतात, रात्री कंबर झोपू देत नाही. ते पैसे जपून खर्च झाले पाहिजेत असं मला मनापासून वाटते, म्हणून उत्तर लांब झालं तरी पूर्ण वाच.

ती 1,450 ची ट्रिक आत्ता घेऊ नको. वाईट असेल म्हणून नाही, चांगलीही असेल. पण तू जे लिहिलं आहेस ना, समोरच्यासमोर पत्ता बदलते, ते करायला काहीच विकत घ्यावं लागत नाही, साध्या कॅटनं होते. त्याला डबल लिफ्ट म्हणतात. वरचे दोन पत्ते एकच असल्यासारखे मिळून उलटायचे, समोरच्याला दिसते बदाम सत्ती, तो समजतो सगळ्यात वरचा पत्ता बदाम सत्ती आहे, मग दोन्ही तसेच मिळून पालथे करायचे आणि वरचा एकच काढून त्याच्या तळहातावर ठेवायचा, वरून त्याचाच दुसरा हात ठेवायला लावायचा. सत्ती तर गड्डीतच राहिली. त्याच्या हातात आहे इस्पिकचा राजा, नाहीतर जो कोणता असेल तो. पत्ता त्याच्याच मुठीत बदलला आणि तुझा हात लागलाही नाही.

बरोबर दोनच पत्ते उचलले जावेत म्हणून आधीच त्यांच्याखाली करंगळीच्या टोकानं बारीकशी फट धरून ठेवायची. ती फट धरायची केव्हा, तर तू काहीतरी विचारते आणि समोरचा तुझ्या तोंडाकडे पाहतो तेव्हा. पहिले पंधरा दिवस पत्ते सटकतील, तिरपे होतील, दोनाचे तीन येतील, होऊ दे. रोज वीस मिनिटं कर, त्यापेक्षा जास्त नको, बोटं अकडतात. आणि नुसतं आरशापुढे शिकू नको, कारण आपण लपवाछपवी करतो त्याच क्षणाला आपले डोळे मिटून जातात आणि आरशात ते आपल्याला दिसतच नाही. मोबाइल तांब्याला टेकवून उभा कर, रेकॉर्ड कर, मग पाहा. कुठे अडकते ते लगेच कळेल.

कोणी म्हणेल काका गुपित काहून फोडून राहिले. डबल लिफ्ट हे कोणा एकाचं गुपित नाही, ती पत्त्यांच्या जादूची बाराखडी आहे, शिकायला बसलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात सांगतात. कोणी एकानं डोकं लावून बनवलेली आणि विकायला ठेवलेली ट्रिक असेल तर ती मी इथे फोडणार नाही, तूही कोणाची फोडू नको, आणि मोबाइलवर फुकट फिरणाऱ्या चोरीच्या व्हिडिओंच्या मागे लागू नको. बनवणाऱ्यानं त्यात वर्षं घातलेली असतात.

मी हे इतकं ठासून सांगतो कारण माझं स्वतःचं झालेलं आहे. कॉलेजात होतो तेव्हा एका अंकात जाहिरात पाहून व्हीपीनं पाकीट मागवलं होतं, घरून मेसचे म्हणून आलेले पैसे पोस्टमनला दिले. पाकिटात निघाले चार पत्ते आणि एक झेरॉक्स कागद. कागदावर पहिल्याच ओळीत होतं की वाचणाऱ्याला डबल लिफ्ट येते असं धरलेलं आहे. मला येत नव्हती. ते चार पत्ते सहा-सात वर्षं ट्रंकेत पडून राहिले, आणि जेव्हा मला ती ट्रिक करता आली तेव्हा तिची गरज उरली नव्हती. जादूच्या धंद्यात पैसे लागतात ते गुपिताचे, वस्तूचे नाही. पाकिटात दोन-चार पत्ते आणि एक लिंक निघते, आणि लिंक एकदा उघडली की ट्रिक परत घेत नाहीत. हे आधीच माहीत असलेलं बरं.

म्हणून पुढेमागे काही घ्यायचं झालंच तर घ्यायच्या आधी काय पाहायचं ते सांगतो. जाहिरातीचा व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा चालतो का, की ऐन बदलायच्या वेळी कॅमेरा हातावरून उठून पाहणाऱ्यांच्या आ वासलेल्या तोंडावर जातो. गेला, तर सोडून दे, हातात काहीतरी असं घडून राहिलं आहे जे तुला दाखवायचं नाही. दुसरं, ती ट्रिक चारी बाजूंनी पोट्टे बसले असताना होते का. शहरातले व्हिडिओ टेबलामागे बसून काढलेले असतात, आपल्याकडे अंगणात बसलं की दोन लेकरं पाठीमागून खांद्यावरच चढतात. तिसरं, शेवटी पत्ता तपासायला देता येते का. आपल्याकडची माणसं "पाहू दे, पाहू दे" म्हणून हातातून ओढूनच घेतात, त्यांना नाही म्हटलं की तिथेच जादू संपली. आणि ट्रिक एकदा झाल्यावर लगेच दुसऱ्यांदा करता येते का की अर्धा तास आत जाऊन पत्ते लावावे लागतात. विकणाऱ्याला हे विचार, तो नीट सांगत नसेल तर पैसे घरातच राहू दे.

आणखी एक. ऑनलाइन पत्त्यांची जादू म्हणून शोधलं की त्यात जुगारात फसवायचे खुणेचे पत्ते, ते वाचायचे चष्मे, डोळ्यातल्या लेन्सा असलं काहीबाही पुढे येते. त्याच्याकडे पाहूही नको. ते जादूचं सामान नाही, ते लोकांच्या घरात आग लावायचं सामान आहे.

आता बनवायचं काय आणि घ्यायचं काय. माझा हिशोब सोपा आहे, ज्यात एक-दोन पत्ते बदलावे लागतात ते घरी कर, ज्यात अख्खा कॅट बदलावा लागतो ते विकत घे.

सगळ्यात पहिले शॉर्ट कार्ड बनव, पाच मिनिटांचं काम आहे. कॅटमधला कोणताही एक पत्ता घे, स्टीलची पट्टी आडवी ठेव आणि नव्या ब्लेडनं आखूड बाजूची एक कड अगदी नावाला काप, एक मिलिमीटरपेक्षा कमीच. कात्रीनं करू नको, कात्री लाटेसारखं कापते. कोपरे टोकदार झाले असतील ते नेलकटरनं गोल करून घे. आता गड्डी डाव्या हातात धरून पुढची कड अंगठ्यानं फर्रकन सोडत गेलीस की त्या पत्त्याजवळ टक् होऊन बोट थांबते. समोरच्याचा पत्ता त्याच्या शेजारी ठेवून घेतला की मग त्याला कितीही वेळा काटू दे, अंधारात बसली असशील तरी पत्ता सापडेल. दिवसभर हातात घेऊन पाहणाऱ्यालाही तो पत्ता आखूड आहे हे समजत नाही. मला विचारशील तर पत्त्यांच्या जादूत इतक्या कमी मेहनतीत इतकं देणारं दुसरं काही नाही.

दुसरं म्हणजे दोन्हीकडून पाठ असलेला पत्ता. कागदाचा चांगला पत्ता हा दोन थरांचा असतो, मधात काळसर गोंद असतो म्हणून उजेडापुढे धरला तरी आरपार दिसत नाही. एका कोपऱ्याला ओलं बोट लाव, नखानं थर सुटा कर आणि एकदम हळू ओढत दोन्ही वेगळे कर, घाई केली की फाटते, पहिले दोन-तीन फाटतीलच. मग दोन पत्त्यांच्या पाठी एकमेकींना ग्लू स्टिकनं चिकटव आणि रात्रभर जाड पुस्तकांच्या थप्पीखाली ठेव. फेविकॉल लावशील तर पाणी पिऊन पत्ता वाकतो. यासाठी जुना, एक-दोन पत्ते हरवलेला कॅट वापर. पूर्ण प्लॅस्टिकचे जे पत्ते मिळतात ते असे सुटतच नाहीत, म्हणून ते या कामाचे नाहीत.

आणि एक तर न कापता न चिकटवता होते. किराण्याच्या दुकानात जो स्वस्तातला कॅट मिळतो त्याची पाठ नीट पाहा. फूल, पक्षी, विमान असं काही चित्र असेल तर ते वरून आणि खालून सारखं नसते. सगळे पत्ते एकाच दिशेनं लावून ठेव, समोरच्याला एक काढायला सांग, तो पत्ता पाहत असताना तू सहज गड्डी हातात फिरवून घे, मग त्याला मधात कुठेही घालू दे आणि खुशाल पिसू दे, फक्त टेबलावर फरफर करून अर्धे इकडचे तिकडे होणार नाहीत एवढं पाहा, म्हणून लहान लेकरांच्या नाही तर नीट हातात पिसणाऱ्या माणसाच्या हातात दे. एकच पक्षी डोक्यावर उभा दिसेल. तोच पत्ता.

घ्यायचं ते काय, तर जत्रेत एक माणूस पत्ते फरफर उडवून सगळेच एकसारखे करून दाखवतो ना, तो स्वेंगाली कॅट. त्यात एकच पत्ता 26 वेळा लागतो, म्हणजे घरी करायचा तर 26 कॅट फोडावे लागतील, त्यापेक्षा तयार घेतलेला स्वस्त. पण तो आता इतका माहीत झाला आहे की मी तुझ्या जागी असतो तर घेतला नसता. त्याच्याऐवजी इनव्हिजिबल डेक घे. समोरच्यानं मनात कोणताही पत्ता धरायचा, नाव सांगायचं, आणि तू कॅट उघडला की तोच एक पत्ता उलटा निघतो. याची मूळ कल्पना अमेरिकेतल्या जो बर्ग या जादूगाराची, 1936 सालची, आणि एवढ्या वर्षांनंतरही लोकं तसेच थक्क होतात. घरी करता येत नाही असं नाही, पण त्यात पत्त्यांवर एक लेप लावावा लागतो, तो सारखा बसला पाहिजे, आणि एकदा चिकट झाला की अख्खा कॅट गेला. ही एक वस्तू पैसे देऊन घेण्यासारखी आहे. मात्र हा कॅट कोणाच्या हातात देता येत नाही, हे ध्यानात ठेव, आणि म्हणून ही शेवटची जादू कर, झाली की कॅट डब्यात आणि चहा.

साधा कॅट मात्र एक चांगला घे. बायसिकल नावाचे जे निळे-लाल पत्ते येतात, 1885 पासूनचा ब्रँड आहे, जगभरचे जादूगार तेच वापरतात आणि त्याला कारण आहे. त्यांच्यावर बारीक बारीक खळगे दाबलेले असतात, त्यात हवा राहते म्हणून पत्ता पत्त्यावरून लोण्यासारखा सरकतो, आणि पाठीला पांढरी किनार असते, म्हणून गड्डीत एखादा पत्ता उलटा असला तरी कडेनं दिसत नाही. हे सगळं मिळून, चांगला कॅट, इनव्हिजिबल डेक आणि किराण्यातला एक, माझ्या अंदाजानं हजाराच्या आत बसते. उरलेले कॉलेजच्या परीक्षा फीला ठेव.

पत्ते पसरायला क्लोज-अप मॅट म्हणून जे विकतात ते तर बिलकुल घेऊ नको. जाड पुठ्ठ्यावर जुन्या घोंगडीचा तुकडा ताणून चिकटव. पत्ता उचलायला खाली थोडं दबलं पाहिजे एवढंच त्याचं काम.

आता तुझ्या गणिताकडे येतो, आणि इथेच मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

21 पत्त्यांची जादू तुमच्या घरी कोणालातरी येतच असेल, तीन ओळी, सात-सात पत्ते, तीनदा विचारायचं तुझा पत्ता कोणत्या ओळीत, दर वेळी ती ओळ मधात घालायची आणि अकरावा पत्ता काढून द्यायचा. लोकं ती करतात पण काहून होते ते कोणी विचारत नाही. तू विचार. आणि मग 21 च्या जागी 27 पत्ते घे, कारण 27 म्हणजे तीन गुणिले तीन गुणिले तीन. फ्रान्सच्या जर्गोन नावाच्या गणितज्ञानं दोनशे वर्षांपूर्वी यावर लिहून ठेवलं आहे.

करायचं असं. आत्याला 27 पैकी एक पत्ता मनात धरायला सांग, सांगू नको म्हणावं. मग 1 ते 27 मधला कोणताही आकडा मोठ्यानं बोलायला सांग. समजा ती म्हणाली 20. तू मनात एक वजा कर, 19. आता 19 तीनाच्या पायात मांड, हे तुम्हाला शिकवलंच असेल, दोन नऊ, शून्य तीन, एक एकक, म्हणजे 2, 0, 1. हे उलटीकडून वाच, 1, 0, 2. 0 म्हणजे वर, 1 म्हणजे मधात, 2 म्हणजे खाली. झालं, पहिल्या वेळी आत्याचा गठ्ठा मधात, दुसऱ्या वेळी वर, तिसऱ्या वेळी खाली. गड्डी पालथी धरून एकेक पत्ता उताणा टाकत तीन ओळीत वाटायचे, पहिला पहिल्या ओळीत, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या, चौथा परत पहिल्या, प्रत्येक ओळीत नऊ. आत्यानं ओळ दाखवली की प्रत्येक ओळीचा गठ्ठा नीट मिटून आधी पालथा कर आणि मगच एकमेकांवर रच, म्हणजे वर म्हणजे खरंच वर राहील, इथेच सगळ्यांची चूक होते. तीनदा झालं की वरून मोजत जा, विसावा पत्ता आत्याचा.

हे पाठ करू नको, वहीत करून पाहा. पत्ता वरून कितवा आहे त्यातून एक वजा केलेला आकडा धर, त्याला तीननं भाग, बाकी सोड, त्यात गठ्ठा कुठे ठेवला त्याचे नऊच्या पटीत मिळव. तीनदा केलं की सुरुवातीला पत्ता कुठे होता ते पुसूनच जाते आणि फक्त तुझे तीन निर्णय उरतात. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी चार वाजेपर्यंत जागा होतो. हातचलाखी केलेली नाही, काही लपवलेलं नाही, तरी पत्ता तुझ्या म्हणण्यावर येऊन उभा राहतो. यात लहान हाताचा प्रश्नच येत नाही.

फक्त 27 पत्ते तीनदा वाटायला वेळ लागतो, आणि गप्प बसून वाटले तर लोकं उठून दंडार, म्हणजे मंडईतलं लोकनाट्य, पाहायला जातील. म्हणून बोलायला काहीतरी पाहिजे आणि ते तुझ्याजवळ आहे. शहरातल्या व्हिडिओतलं इंग्रजी बोलणं कॉपी करू नको. तू रोवणी केली आहेस. सांग की हे 27 पऱ्हे आहेत, या तीन बांध्या, मी एकेक लावून राहिली, आत्या, तुझा पऱ्हा कोणत्या बांधीत लागला ते फक्त सांग. परत उपटले, परत लावले. तिथे बसलेल्या प्रत्येक बाईनं ते काम केलेलं आहे, त्या वाटण्याकडे त्यांचं लक्ष आपोआप लागेल, आणि विसावा पत्ता उलटला की अंगणात जो आवाज होईल तो 1,450 च्या पाकिटातून येत नाही.

आता बाबा. त्यांचं म्हणणं वाऱ्यावर सोडू नको, ते खरं पाहून बोलत आहेत. आपल्याकडे पोळ्याच्या मागेपुढे कसे डाव बसतात, कोणाची बैलजोडी गेली, कोणाचं धान कापायच्या आधीच विकलं गेलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असेल. जुगाराविरुद्धचा आपल्या राज्याचा कायदा 1887 चा आहे आणि तरी डाव बंद झाले नाहीत. म्हणून त्यांच्याशी वाद घालू नको, शब्द दे. पैशाची पैज लावून कधीच जादू करणार नाही, आणि ज्या घरात पैशानं पत्ते चालू आहेत तिथे कॅट काढणारच नाही, दिवाळीलाही नाही, गंमत म्हणूनही नाही. हा शब्द पाळायचा. हात शिकलेला माणूस पैशाच्या डावात बसला की तो जादूगार राहत नाही, आणि हरला काय जिंकला काय, संशय त्याच्यावरच येतो.

पण पत्ते म्हणजे जुगारच असंही नाही हे त्यांना प्रेमानं सांग. आपल्याच सावंतवाडीला गंजिफा बनतात, गोल, हातानं रंगवलेले, त्यातल्या दशावतारी संचात 120 पानं, दहा अवतारांची बारा-बारा. पत्त्यांवर देव रंगवणारी माणसं काही पाप करत नव्हती. आणि पर्सी डायकोनिस या माणसाचं सांग. चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या मोठ्या जादूगाराबरोबर पत्त्यांची जादू करत फिरला, पुढे गणित शिकला, स्टॅनफर्डला प्रोफेसर झाला, आणि 1992 मध्ये डेव्ह बायर यांच्याबरोबर त्यानं गणितानं दाखवून दिलं की 52 पत्ते नीट मिसळायला साधारण सात वेळा फरफर करून पिसावे लागतात. घर सोडायचं सोडून बाकी गोष्ट सांग. पोरीच्या हातात शोभत नाही म्हणतात त्याला सुहानी शाह या जादूगार बाईचं नाव पुरे, सातव्या वर्षापासून स्टेजवर आहे आणि आज देशभर नाव आहे.

तरी बोलण्यापेक्षा एक करून पाहा. ती 27 वाली आधी बाबांना शिकव. त्यांनी वाटायचं, आईनं पत्ता धरायचा, तू मागून फक्त वर-मधात-खाली खुणावायचं. आईचा पत्ता त्यांच्या हातून निघाला की त्यांना स्वतःला कळेल यात डाव कुठेच नाही. माझ्या वडलांना मी असं कधी बसवलं नाही, लपून करत राहिलो, ते गेले तरी त्यांना वाटायचं की मी पत्ते कुटतो. ते मला आजही लागते.

आणखी एक गोष्ट आहे जी तू विचारली नाही पण मी सांगणारच. गावात जादू हा शब्द जपून वापर. आपल्याकडे करणी, जादूटोणा म्हटलं की काय होऊ शकते हे तुला सांगायला नको, आणि त्यात बाईमाणसाचं नाव तर फार लवकर घेतात. म्हणून सुरुवातीलाच म्हण, हा हाताचा आणि गणिताचा खेळ आहे, मी कॉलेजात शिकली. मनातलं ओळखते, भविष्य सांगते असं गमतीतही म्हणू नको. मी एकदा एका गावात मनातला पत्ता ओळखायचा खेळ केला, रात्री एक म्हातारी नारळ आणि अकरा रुपये घेऊन आली, म्हणाली माझा पोरगा पुण्याला गेला तो फोन करत नाही, पाहून सांग कसा आहे. तिचे डोळे मी विसरलो नाही. मी तिला बसवलं, कॅट काढला आणि तो खेळ कसा होतो ते एकेक करून उघडून दाखवलं, तिच्याच हातानं करून घेतलं, नारळ परत दिला. मग तिच्याजवळच्या कागदावर जो नंबर होता त्यावर शेजारच्या पोरानं फोन लावून दिला. जादूगारानं गुपित फोडू नये म्हणतात, ते बरोबरच आहे, पण समोरचं माणूस खरंच विश्वास ठेवून रडायला लागलं तर फोडायचं. तिथे दुसरा विचार करायचा नाही. अंनिसची, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीची, माणसं गावोगाव चमत्कार करतात आणि मग कसे केले ते सांगतात, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आला तो त्यांच्याच कित्येक वर्षांच्या झगड्यातून. त्यांचा कार्यक्रम जवळपास कुठे असला तर बाबांना घेऊन जा.

हात लहान म्हणतेस तर ब्रिज साइजचा कॅट घे. पोकर साइजचा पत्ता अडीच इंच रुंद असतो, ब्रिजचा सव्वादोन, लांबी दोन्हीची साडेतीनच. पाव इंचाचा फरक बोटांना खूप जाणवतो. बायसिकल बहुतेक पोकर साइजचाच मिळेल, त्यानं डबल लिफ्टला काही अडत नाही, पत्ता तळहातात लपवायचे प्रकार मात्र आत्ता सोड. नखं फार वाढवू नको, कडा खराब होतात.

मंडईच्या रात्री भिंतीला पाठ लावून बस, म्हणजे मागून कोणी येत नाही, आणि बल्ब तुझ्या समोर राहील असं पाहा, मागे नको, नाहीतर पत्ते काळे दिसतात. आठ-दहा माणसांपेक्षा जास्त जमवू नको. तीन खेळ पुरे, 27 वाला मधात ठेव.

पावसाचं विचारलं होतंस. कागदाचा पत्ता हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि धानाच्या मुलखात ऑक्टोबरपर्यंत हवा ओलीच असते. खेळून झालं की कॅट खोक्यात नीट बसवून स्टीलच्या लहान डब्यात ठेव, चप्पल-बुटांच्या, औषधांच्या डब्यात त्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या येतात त्या दोन-तीन टाक, झाकण घट्ट. रबर लावू नको, कडा चिमटतात. उन्हात तर अजिबात ठेवू नको, एकीकडून वाळतो आणि द्रोणासारखा होतो. वाकलाच असेल तर उलट्या बाजूनं हळूच थोडं थोडं वाकव आणि रात्रभर पाट्याखाली ठेव. हाताला घाम येत असेल तर दर वेळी आधी हात धुऊन कोरडे पूस. पावडर लावायचं तुझ्या मनात येईल, लावू नको, चेहऱ्याची पावडर दोन दिवसात पत्ते चिकट करून टाकते. चांगला कॅट मंडईपर्यंत सरावाला काढू नको, सराव किराण्यातल्यावर कर.